पत्रिकेची एपीके उघडली? फोन असा सोडवा

व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली, दाबली, काहीतरी इन्स्टॉल झालं आणि पत्रिका काही दिसलीच नाही. नात्यातले आणि सोसायटीतले असे कितीतरी फोन माझ्याकडे आले आहेत. कधी पत्रिका असते, कधी आरटीओचं चलान, कधी बँकेची केवायसी. फाइलच्या नावाशेवटी 'एपीके' असेल तर तो फोटोही नाही आणि पीडीएफही नाही, ते ॲप आहे. त्याला मेसेज वाचायची परवानगी दिली गेली की तुमचा ओटीपी परस्पर चोराकडे पोचतो.

आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका. तेवढ्याने वायफाय बंद होतंच असं नाही, तेही हाताने बंद करा. मग सिम काढून घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये घाला. 'सिम काढलं की झालं' असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका, वायफायवरून सगळं सुरूच राहतं.

दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन लावून यूपीआय, नेटबँकिंग आणि कार्ड बंद करायला सांगा. नंबर पासबुकावरचा किंवा कार्डामागचा घ्या, गूगलवर शोधलेला नको. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात भराभर फिरवले जातात. मधल्या एखाद्या खात्यात सापडले तर तिथे गोठवता येतात. 'चूक माझीच, बँक काय करणार' म्हणून गप्प बसू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाची असली तरी कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं. म्हणून तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा.

तो मेसेज, पाठवणाऱ्याचा नंबर आणि फाइलचं नाव यांचे दुसऱ्या फोनने फोटो काढा.

आता खरा अवघड भाग. आत्याच्या फोनवर मी याच ठिकाणी दोन तास अडकलो होतो. ॲप काढायला सेटिंग्जमध्ये जायचो, तर स्क्रीन आपोआप मागे यायची. आत्या शेजारून म्हणत होती, "अरे, तू दाबत नाहीयेस, मग दाबतंय कोण?" तेच ॲप दाबत होतं. अशी ॲप्स ॲक्सेसिबिलिटीची परवानगी घेतात. अंध किंवा हात थरथरणाऱ्या लोकांसाठी असलेली ती सोय त्यांच्या हाती गेली की ती स्क्रीन वाचतात आणि तुमच्याऐवजी बटणंही दाबतात. शिवाय डिव्हाइस ॲडमिन, म्हणजे फोनवर जादा हक्क असलेली ॲप्स, होऊन बसली की 'अनइन्स्टॉल'चं बटण करडं पडतं.

यावर उपाय सेफ मोड. पॉवरचं बटण दाबून धरा आणि स्क्रीनवर आलेल्या 'पॉवर ऑफ'वर बोट दाबून ठेवा; बहुतेक फोनवर सेफ मोडचा पर्याय येतो. नाही आला तर फोन बंद करून सुरू होताना आवाज कमी करायचं बटण धरून ठेवा. कोपऱ्यात 'सेफ मोड' दिसलं की बाहेरून टाकलेली ॲप्स निपचित पडतात. सेटिंग्जमध्ये आधी 'डिव्हाइस ॲडमिन ॲप्स' शोधून अनोळखी नावापुढची खूण काढा. मग ॲक्सेसिबिलिटीतली त्याची परवानगी बंद करा आणि शेवटी अनइन्स्टॉल. हाच क्रम ठेवा. होम स्क्रीनवर चिन्ह दिसेल अशी अपेक्षा नको, ते लपवलेलं असतं. ॲप्सची पूर्ण यादी उघडा. नाव 'सिस्टिम अपडेट' किंवा चक्क कोरंही असू शकतं. त्या दिवशी तुम्ही काय टाकलं होतं, ते आठवून जुळवा.

'आधी अँटीव्हायरस डाउनलोड करा' या सल्ल्याचा मला मनापासून राग येतो. त्यासाठी फोन पुन्हा नेटवर आणावा लागतो आणि चोराला तेच हवं असतं.

ॲप निघालं तरी ज्या फोनवर बँकेचं ॲप आहे तो मी फॅक्टरी रीसेट, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा करायलाच लावतो. आधी फोटो केबलने काढून घ्या आणि गूगल खात्याचा पासवर्ड आठवतोय याची खात्री करा, नाहीतर रीसेटनंतर फोन कुलूप लावून बसू शकतो. नंतर जुन्या बॅकअपमधून सगळी ॲप्स एकदम परत आणू नका, प्ले स्टोअरवरून एकेक नव्याने घ्या.

पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला. व्हॉट्सॲपमधली 'लिंक्ड डिव्हाइसेस' लॉगआउट करा, कॉल फॉरवर्डिंग तपासा, म्हणजे तुमचे कॉल दुसऱ्या नंबरकडे वळवलेले नाहीत ना ते बघा. तीच पत्रिका तुमच्या नावाने ग्रुपांवर गेली असेल, तिथे फोन करून सांगा.

तीच फाइल कॉम्प्युटरवर उघडली असेल तर विंडोज त्या एपीकेला असंच चालवत नाही. शंकाच असेल तर विंडोज सिक्युरिटीतलं ऑफलाइन स्कॅन करा.

मेमरी कार्ड मात्र विसरू नका. रीसेटने ते पुसलं जात नाही. आत्याचा फोन नव्यासारखा झाल्यावर मी तिचं कार्ड उघडलं, तर डाउनलोडच्या फोल्डरमध्ये पत्रिका तशीच पडलेली होती.