फवारा मारायच्या आधी माशी बघा! रोवणीच्या दिवसातली घोडमाशी कशी ओळखायची

रोवणी लागली की आपल्या झाडीपट्टीत बैल-म्हशींना माश्यांचा जाम त्रास सुरू होतो, मग सगळे दुकानातून औषध आणून गोठाभर फवारतात आणि तरी दुसऱ्या दिवशी बांधीत बैल शेपटी आपटतोच आहे, कारण घोडमाशी गोठ्यात राहतच नाही ना! म्हणून आधी चावणारी एक माशी मारा आणि उजेडात नीट बघा.

घोडमाशी म्हणजे टॅबॅनस. दणकट, एक ते अडीच सेंटीमीटर लांब, डोकं जवळजवळ सगळं डोळ्यांनीच भरलेलं, पंख बहुतेक पारदर्शक आणि मिशा आखूड. पोटावर वरून खाली फिकट पट्टे असले तर टॅबॅनस स्ट्रायटस असण्याची शक्यता जास्त, मधोमध फिकट त्रिकोणांची रांग असली तर टॅबॅनस रुबिडस. डोळ्यांचा रंग मात्र माशी ताजी असतानाच बघा, वाळली की तो जातो. दोन डोळ्यांच्या मधे फट दिसली तर ती मादी, रक्त तीच पिते. डोळे एकमेकांना भिडलेले असले तर नर, तो फुलातल्या रसावर जगतो.

पंखावर काळा आडवा पट्टा, मिशा लांब आणि डोळे हिरवे-सोनेरी ठिपक्यांचे, अशी लहान माशी असली तर ती क्रायसॉप्स, ही माणसाच्या डोक्या-मानेभोवती पण फिरते. राखाडी, पंखावर बारीक नक्षी, बसताना पंख कौलारू छपरासारखे उतरते धरणारी आणि आवाज न करता येऊन चावणारी ती हिमॅटोपोटा.

खरा घोळ होतो तो वेगळ्याच माशीशी. दिसायला घरमाशीएवढीच, पण तोंडापुढे सुईसारखी सरळ सोंड, आणि जास्त करून जनावराच्या पायांना चावते. ही स्टोमॉक्सिस, घोडमाशी नाही. हिच्यात नर-मादी दोन्ही चावतात. ही वाढते ओल्या कुजक्या तणशीत, शेण-मूत मिसळलेल्या कचऱ्यात, त्यामुळे हिच्यासाठी गोठा कोरडा ठेवणं, आठवड्यातून एकदा तरी सगळी घाण लांब नेऊन पसरून वाळवणं हाच इलाज, फवारा त्याच्या नंतर.

घोडमाशीचं तसं नाही. ती बोडीच्या (लहान तळ्याच्या), बांधीच्या (धानाच्या शेताच्या) काठावर पाण्यावर झुकलेल्या पानांवर अंड्यांचे थर घालते, आधी पांढरट, मग काळपट, आणि अळी चिखलात वाढते. थर दिसला की पान तोडून जाळून टाका. बोडीत कीटकनाशक ओतू नका हो, अळी चिखलात सुरक्षित राहते आणि मासे मरतात! माशी उन्हात फिरते, अंधाऱ्या गोठ्यात सहसा शिरत नाही, म्हणून नांगर-चिखलणी पहाटे उरका आणि दुपारी जनावर आत बांधा. काळ्या हलत्या वस्तूकडे ती ओढली जाते, तेव्हा चकचकीत काळा चेंडू चिकट लेप लावून बांधावर उन्हात टांगला तर त्यावर पण काही सापडतात. अंगावर लावायचं औषध आणि त्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच.

एवढं सांगतोय ते सर्रा या जनावरांच्या रोगासाठी. एका जनावराचं रक्त पिताना माशी हाकलली की ती तोंडाला लागलेल्या रक्तासकट दुसऱ्यावर बसते आणि सर्राचा परजीवी, ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय, तिकडे जातो. स्टोमॉक्सिसही तो पसरवते. माणसाला हा रोग सहसा होत नाही, पण २००४ मध्ये आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला झाला होता, सुरामिन हे औषध देऊन तो बरा झाला. सर्रा झालेल्या जनावराला ताप येतो-जातो, ते खंगतं, दूध घटतं, गाभण गाय गाभडते, कधी एकाच जागी गोल फिरतं. असं दिसलं तर आधी इंजेक्शन देऊ नका. ताप चढलेला असतानाच पशुवैद्यकांना बोलवा, त्याच वेळी घेतलेल्या रक्तात परजीवी सापडायची शक्यता जास्त असते, आणि तोवर ते जनावर बाकीच्यांपासून लांब बांधा.