दर उन्हाळ्यात एसीत गॅस भरताय?

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. दर मार्चमध्ये भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. आधी ती शोधायला लावा, मगच गॅसचे पैसे द्या. एसी साधारण १० ते १५ वर्षं चालतो, पण मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत बाहेरच्या युनिटची कॉइल त्याआधीच गंजते. आमच्या युनिटच्या पातळ पत्र्या बोट लावलं की भुगा व्हायच्या, तेव्हा दुरुस्तीचा नाद सोडला. नुसता कपॅसिटर (मोटर सुरू करायला मदत करणारा छोटा भाग) उडाला असेल तर घाबरू नका, थोडक्यात भागतं. मात्र कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा मुख्य पंप) गेला, वॉरंटी संपली आणि युनिटच्या पाटीवर गॅसचं नाव आर-२२ लिहिलेलं असेल तर सरळ नवा घ्या. तो गॅस भारतात २०३० पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद होतोय.