बेटावरचं भंगार विकायचंय? आधी तांब्याचं ठरवा

घारापुरीला समुद्राखालून केबल टाकून वीज आली २०१८ ला, त्याआधी संध्याकाळचे तीन-चार तास जनरेटर बस. वीज आली तसे फ्रिज आले, मिक्सर आले, आणि खारी हवा कोणाला सोडत नाय, त्यामुळे आता बेटावर गंजकं सामान साठतंच. मुंबईत भंगारवाला दारावर हाक मारतो, बेटावर आपणच होडी करून जायचं.

म्हणून पहिलं काम गावात बसून ठरवायचं की तांबं-पितळ कोणी परस्पर विकायचं नाही. होतं काय, मोटरची वायंडिंग, म्हणजे आतली तांब्याची तार, काढून जो तो पिशवीतून लाँचने घेऊन जातो आणि लोखंड तिथेच सडतं, कारण नुसत्या लोखंडाच्या पैशात होडीचं भाडं पण सुटत नाही. लोखंडाचं भाडं तांबं भरतं, सगळं गणित एवढंच.

मग लोहचुंबक घ्या. चिकटलं की लोखंड. नाही चिकटलं तर कानशीने जरा घासून बघा, लालसर दिसलं तर तांबं, पिवळं तर पितळ, पांढरं आणि हाताला हलकं तर अॅल्युमिनियम, भंगारवाले जर्मन म्हणतात ते. पांढरं, जड आणि चिकटत नाही असं पण निघतं, ते चांगलं स्टील असतं, ते जर्मनच्या गोणीत गेलं तर अख्ख्या गोणीचा भाव पाडून मागतात. कोल्ड्रिंकचे डबे पण जर्मनच, एका किलोत सत्तरेक डबे बसतात, पायाने चेपूनच भरा नायतर होडीत हवाच न्याल.

वायर जाळू नका प्लीज, धूर विषारी असतो आणि जळकं तांबं कमी भावात जातं, ब्लेडने सोला. बॅटरीतलं ॲसिड ओतायचं नाही, उभीच न्यायची, टोकांना टेप लावून. फ्रिजची नळी कापायची नाही, आत गॅस असतो.

माल फळ्यांवर ठेवा, वर ताडपत्री, आणि मे मध्येच काढा, जूनमध्ये दर्या ऐकत नाही. भरतीची वेळ बघून होडी धक्क्याला लावा, जड माल खाली मधोमध, पत्रे बांधून वर.

आणि निघायच्या आधी स्वतः वजन करून वहीत लिहा. पहिल्या वेळी आम्ही केलं नव्हतं, तिकडे भंगारवाल्याकडे माल भलताच कमी भरला. दुसऱ्या वेळी ताणकाटा खांद्यावर टाकून गेलो, तर त्यांच्या काट्यावर पण बरोबर भरला.