तारेवरचे पक्षी गाडीत बसूनच पाहावेत

खानदेशात यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यातून किंवा धुळ्याकडच्या कपाशीच्या शिवारातून जाताना पक्षी पाहायचे असतील, तर प्रथम रस्त्याकडेच्या विजेच्या तारांवर नजर ठेवावी. थांबायचे झाल्यास गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर, शक्यतो सूर्य पाठीशी राहील अशी उभी करून इंजिन बंद करावे आणि आतच बसून राहावे, कारण उभ्या गाडीला पक्षी सहसा बिचकत नाहीत. दार उघडून माणूस उतरला की मात्र ते उडतात. रंगाआधी आकार, शेपटी आणि सवय पाहावी. कोतवालाची काळी शेपटी टोकाला दुभंगलेली असते. वेडा राघू हवेत मधमाशी पकडून बहुधा त्याच तारेवर परततो आणि गिळण्यापूर्वी नांगी निघावी म्हणून तिला तारेवर घासतो, आपटतो. नीलपंख बसलेला असताना मातकट, अगदी साधा दिसतो, पण उडताच पंखांतील गडद-फिकट निळे पट्टे उघडतात. तेवढी वाट पाहण्याची चिकाटी हवी. हिवाळ्यात भुसावळजवळच्या हतनूर जलाशयावर स्थलांतरित बदके उतरतात, तेथे दुर्बीण लागतेच. तारेवरच्या पक्ष्यांसाठी ती नसली तरी फारसे अडत नाही. गाडी चालवणाऱ्याने मात्र चालत्या गाडीतील निरीक्षण शेजारी बसलेल्यावर सोपवावे.