जुन्या वाड्याचं कलाकेंद्र करताय? या चुका टाळा

रंगरंगोटी होऊन दोन पावसाळे उलटत नाहीत तोच भिंतीला कमरेपर्यंत ओल चढते, पोपडे सुटतात, पांढरा लोणा फुटतो. मग वॉटरप्रूफिंगवाला येऊन आणखी एक थर देतो आणि प्रकरण चिघळतं. दोष बहुतेकदा सिमेंटच्या गिलाव्याचा. दगड-माती-चुन्याची भिंत जमिनीतली ओल ओढते आणि पृष्ठभागातून सोडूनही देते. वर सिमेंट थापलं की ती वाट बंद होते नि ओल आणखी वर सरकते. उपाय कंटाळवाणा आहे: सिमेंट खरवडा, भिंत निदान एक उन्हाळा उघडी ठेवा, मग चुन्याचा गिलावा करा. रंगही चुन्याचाच. प्लास्टिक पेंट मारलात तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! आणि त्याआधी अंगण बघा. फरशीवर पेव्हर ब्लॉक चढवत ते जोत्याच्या वर गेलं असेल, तर चुना तरी काय करणार?

माडीवरच्या दिवाणखान्यात नृत्याचा वर्ग, ही कल्पना नकाशावर झकास दिसते. पण राहत्या घराच्या जमिनीला चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात, सुट्या खुर्च्यांच्या सभागृहाला ५००. त्यात कथकचे पाय एकाच लयीत पडणार. तुळई मधे ठणठणीत असते. कुजते ती भिंतीत शिरलेल्या टोकाला. खाली फॉल्स सीलिंग ठोकण्याआधी ते टोक उघडं करून टोच्या खुपसून पाहा. सहज आत गेला, तर आधी तुळईचं काम. इंजिनिअरनं हमी दिली नाही तर माडीवर चित्रं टांगा, नाच तळमजल्यावर.

जागा अपुरी पडली म्हणून लगेच बाहेर बांधायलाच हवं असंही नाही. मुंबईचा १९११ सालचा सर कावसजी जहांगीर हॉल १९९६ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय म्हणून खुला झाला. तिथे जुन्या कवचाच्या आतच दालनं रचली आहेत.

विस्तार अटळच असेल तर आरसीसीचे बीम जुन्या भिंतीत घुसवू नका. जुना पाया केव्हाच बसलेला, नवा अजून बसायचा. जोडावर उभी भेग पडते आणि लोक दरवर्षी तीत पुट्टी भरत राहतात. पाया वेगळा घ्या, मधे सांधा सोडा, छपराचं पाणी त्या सांध्यावर आणू नका. स्वच्छतागृहं, जनरेटर, एसीची यंत्रं नव्या भागात. खोट्या महिरपी लावून नव्याला जुनं भासवायचा सोस तर मला मुळीच पटत नाही.

वास्तू पालिकेच्या वारसा यादीत आहे का, हे मात्र पहिली वीट काढण्याआधी विचारा.