मलेरिया निगेटिव्ह आला तरी ताप अंगावर काढू नका (धान उत्पादकांसाठी, ऑगस्ट ते ऑक्टोबर)

रोवणी उरकली, आता निंदण, धुऱ्यावरचं गवत कापणं, गुरांचा चारा, आणि ह्याच दिवसांत गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया पट्ट्यात तापाचे पेशंट वाढतात. ताप आला की आशाताईकडे जाऊन त्याच दिवशी रक्त तपासा, फॅल्सिपेरम हा मलेरियाचा घातक प्रकार मेंदूपर्यंत गेला तर फार वेळ मिळत नाही. पण टेस्ट निगेटिव्ह आली की व्हायरल असेल म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणून आठवडा काढतात ना, मला जास्त काळजी त्याची वाटते.

पहिला विचार स्क्रब टायफसचा करा. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांत ह्याचे बरेच पेशंट निघाले होते. गवताझुडपात, उंदरांच्या अंगावर बारीक किडे असतात, डोळ्यांना दिसतही नाहीत, त्यांचं पिल्लू चावलं की साधारण दहा दिवसांनी ताप, भयंकर डोकेदुखी, अंगदुखी. चावल्याच्या जागी बिडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली येते, ती दुखत नाही, खाजत नाही, आणि काखेत, जांघेत, कमरेला असते म्हणून कुणी बघतच नाही. घरच्यांनी मुद्दाम शोधा, पण खपली नाही म्हणजे स्क्रब नाही असंही समजू नका. डॉक्सीसायक्लिन वेळेत मिळालं तर एकदोन दिवसांत ताप उतरायला लागतो, आणि नेहमीची अमॉक्सिसिलिनसारखी अँटिबायोटिक्स ह्याच्यावर चालतच नाहीत, म्हणून मनानं गोळ्या घेऊ नका, गरोदर बाईला तर औषध वेगळं द्यावं लागतं.

दुसरा लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदीर, गुरं, कुत्री, डुकरं ह्यांची लघवी बांधीतल्या पाण्यात मिसळते आणि पायाच्या चिरांतून जंतू आत जातो. पोटऱ्या एवढ्या दुखतात की चालवत नाही, डोळे लाल होतात. डोळे पिवळे झाले, लघवी कमी झाली किंवा दम लागला तर थेट मोठ्या दवाखान्यात न्या, सकाळची वाट बघू नका.

चिखलात गमबूट घाला, नसतील तर निदान जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावा. गवत कापताना फुलबाह्या, फुलपँट, घरी आल्यावर साबणानं आंघोळ आणि कपडे लगेच धुवायला. गवतावर थेट बसू नका. गोठ्याजवळचं गवत काढा, धान्य आणि ढेप बंद डब्यात ठेवा, उंदीर तिथेच वाढतात.

डॉक्टरकडे गेल्यावर नुसतं ताप आहे म्हणू नका, बांधीत उतरलो होतो, गवत कापलं, घरात उंदीर आहेत, गाय गाभडली, हे सगळं आपणहून सांगा, कारण तपासणी कुठली करायची ते त्यावरूनच ठरतं. गाभडलेल्या गाईचा जार उघड्या हातानं उचलला किंवा कच्चं दूध प्यायलं तर ब्रुसेलोसिस होऊ शकतो, त्यात ताप महिनोन्‌महिने येतजात राहतो, सांधे धरतात. जार हातमोजे घालून चुना टाकून खोल पुरा, दूध उकळूनच प्या, आणि चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना सरकारी पशुवैद्यकांकडून ब्रुसेलाची लस टोचून घ्या.