रोज कामावर जायला सायकल घेताय?
दुकानात जाताना कामावर घालता तेच बूट घालून जा. सीटवर बसा, कुणाला तरी हँडल धरायला सांगा आणि पेडल अगदी खाली नेऊन त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवडा पेडलवर आणला की गुडघ्यात हलका बाक राहतो. हीच सीटची खरी उंची. दोन बोटं जरी खाली राहिली तरी रोजच्या चालवण्यात गुडघे बोलू लागतात, आणि मग चांगली सायकल गॅलरीत धूळ खात पडते. फार वाईट वाटतं बघून.

टायर नीट बघा. रेसिंगचे बारीक टायर खड्ड्यात मनगटाला दणके देतात, एमटीबीचे (डोंगरवाटांवरच्या सायकलीचे) जाड गोट्यांचे टायर डांबरीवर दम काढतात. ३५ ते ४० मिलिमीटरचे, कमी नक्षीचे टायर शहराला बरोबर. स्वस्त सायकलीतला पुढचा शॉकअप नकोच. वजन वाढतं आणि चढाला उभं राहून पेडल मारलं की जोर तिथंच जिरतो.

कोल्हापुरात रंकाळा तलावाभोवती फिरायला बिनगिअरची चालेल. राजारामपुरीतून रोज विद्यापीठाकडं चढायचं असेल तर मागं सात गिअर घ्याच.

आणि मडगार्ड! कोल्हापूरचा जुलै आठवा. पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन ऑफिसात कसं बसणार? लांब मडगार्ड आणि डब्यासाठी कॅरिअर दुकानातच बसवून घ्या. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा धरतो, म्हणून परवडत असेल तर डिस्क ब्रेक घ्या.